कोश आणि काचघर

फुलपाखरांच्या काचघरावर बोलावयाचे आम्ही ठरविले, तेव्हा संघटनेतील एका जुन्या सहकाऱ्याने विचारले, "यात आपल्या माणसांचे काय?" प्रश्न रास्त होता. कामगारांच्या सभांत आणि मालकांशी वाटाघाटी करण्यात ज्यांची तीस वर्षे गेली, त्यांनी गिरण्यांवर बोलावे, कंत्राटी पद्धतीवर बोलावे. फुलपाखरे हा कवींचा आणि शाळकरी मुलांचा विषय. परंतु या विषयात जसजसे वाचीत गेलो, तसतसे आम्हांला दिसू लागले की त्या रंगीत पंखांच्या मागे बॉयलरवरचे आगवाले आहेत, काचा बसविणारे आहेत, नगावर मजुरी घेणारे आहेत आणि जंगलाच्या कडेला राहणारे शेतकरी आहेत. ही सारी आपलीच माणसे होत. त्यांचा इतिहास सलग असा कोठे लिहिलेला आम्हांला आढळला नाही. तुकड्यातुकड्यांनी जो हाती लागला तो येथे मांडतो.

प्रथम हे घर म्हणजे काय ते पाहू. युरोप-अमेरिकेतील पुष्कळशा शहरांच्या प्राणिसंग्रहालयांत आता असे एक घर असते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने २००६ साली उघडलेले घर तर सुरवंटाच्याच आकाराचे, लांबट मांडवासारखे केले. अशा घरांना एकामागे एक अशी दोन दारे असतात. पहिले लागल्यावाचून दुसरे उघडावयाचे नाही, असा दंडक. बाहेर डिसेंबरचे धुके असते, आणि आत पाऊल टाकताच चष्म्यावर वाफ धरते. हवा आपल्या कोकणातील जुलै महिन्याची. केळीची रुंद पाने, वेली, बशीत कापून ठेवलेली संत्री आणि पिकलेली केळी, आणि त्यांवर बसून रस पिणारी तळहाताएवढी फुलपाखरे. भिंतीत एक काचेची पेटी असते. तीत आडव्या काठ्यांना कोश ओळीने टांगलेले असतात. काही वाळल्या पानासारखे, काही सोन्याचे टिपके दिल्यासारखे. नशीब असेल तर आपल्या डोळ्यांदेखत एखादा कोश उकलतो आणि चुरगळलेले पंख घेऊन फुलपाखरू बाहेर येते. परत निघताना दाराशी आरसा लावलेला असतो; अंगाखांद्यावर बसून एखादे बाहेर तर जात नाही ना, हे पाहण्यासाठी.

येवढी खबरदारी आणि येवढी ऊब कशासाठी? फुलपाखराचे रक्त स्वतः ऊब धरीत नाही. उष्ण प्रदेशातील फुलपाखराला उडावयाचे तर पंखांचे स्नायू तापलेले हवेत, आणि ती ऊब बाहेरूनच मिळावी लागते. तेव्हा थंड देशात ही कला साधावयाची तर आधी काच हवी, मग भट्टी हवी, आणि शेवटी कोश हवे. इतिहासही याच क्रमाने घडला. मात्र त्याची सुरुवात एका कोशापासून झाली, ही मौजेची गोष्ट आहे.

१८२९ साली लंडनच्या पूर्व भागात, गोदीजवळच्या धुरकट वस्तीत, नॅथॅनियल वॉर्ड नावाचा एक डॉक्टर राहत असे. त्याला झाडांचा आणि किड्यांचा नाद. एका पतंगाचा कोश ओलसर मातीत ठेवून, ती माती बाटलीत घालून त्याने वर झाकण लावले. पतंग कसा बाहेर येतो हे त्याला पाहावयाचे होते. काही दिवसांनी त्या मातीतून नेच्याचे रोप आणि गवताचे पाते वर आले. बाहेरच्या अंगणात कोळशाच्या धुराने जे नेचे जगत नव्हते, ते बंद बाटलीत, स्वतःच्याच वाफेवर, सुखाने वाढू लागले. यातून वॉर्डने काचेच्या बंद पेट्या केल्या, आणि १८३३ साली अशा पेट्यांतून इंग्लंडची रोपे सिडनीपर्यंत जिवंत पोहोचली. खाऱ्या वाऱ्याने आणि गोड्या पाण्याच्या टंचाईने जहाजावर रोपे मरत, ती आता मरेनाशी झाली.

पतंग पाहावयास बसलेल्या डॉक्टरने जगाची शेती हलविली, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. रॉबर्ट फॉर्च्यूनने १८४८ ते १८५१ या काळात चीनमधून चहाची सुमारे २० हजार रोपे हिमालयाच्या पायथ्याच्या मळ्यांकडे धाडली ती याच पेट्यांतून. १८७६ साली ब्राझीलमधून आलेले रबराचे बी लंडनजवळच्या क्यू उद्यानातील काचघरांत रुजविले गेले, आणि तेथून सुमारे १,९०० रोपे पेट्यांत बसून सिलोनला निघाली. पुढे मलायात रबराचे मळे उभे राहिले, आणि त्या मळ्यांत चीक काढावयाला तमिळ मजूर जहाजे भरभरून नेण्यात आले. रोपांच्या पेटीत हवापाण्याचा जेवढा विचार केलेला होता, तेवढा त्या जहाजांच्या तळघरांत झाला होता असे म्हणवत नाही.

आता काच आणि भट्टी. इंग्लंडात काचेवर जबर कर होता. तो १८४५ साली उठला. पण कर असतानाही ज्यांना परवडत होते त्यांची काचघरे उभी होतीच. डर्बीशरमधील चॅट्सवर्थ येथे डेव्हनशायरच्या ड्यूकचे उद्यान होते, आणि त्याचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन हा शेतकऱ्याच्या घरचा मुलगा. त्याने १८३६ ते १८४० या काळात जे काचघर बांधले, ते २७७ फूट लांब आणि १२३ फूट रुंद होते. आतून घोडागाडी जाई. १८४३ साली व्हिक्टोरिया राणी ते पाहावयास आली तेव्हा आत हजारो दिवे लावले होते. या वैभवाखाली जमिनीत आठ बॉयलर होते आणि त्यांच्या गरम पाण्याचे नळ सुमारे सात मैल लांबीचे होते. कोळसा येई तोही जमिनीखालच्या बोगद्यातून, रुळांवरच्या ढकलगाड्यांनी, म्हणजे पाहुण्यांच्या नजरेस काळा हात पडू नये. क्यू येथील ताडघरालाही (ते १८४८ साली पुरे झाले) अशीच युक्ती केलेली होती: धूर बोगद्याने दूर नेऊन एका सुबक मनोऱ्यातून सोडला जाई. मनोरा पाहून कोणास वाटावे, हे एखादे देवालय असेल. ती खरोखर चिमणी होती.

गिरणीच्या बॉयलरवर काम केलेली माणसे आम्ही जवळून पाहिली आहेत. रात्रपाळीला आगवाल्याचा डोळा लागला तर सकाळी खाती थंड. काचघरात तर त्याहून कठीण. एका रात्रीची चूक म्हणजे दहा वर्षे वाढविलेले झाड गेले. पहिल्या महायुद्धात हेच झाले. चॅट्सवर्थची माणसे सैन्यात गेली, कोळसा मिळेना, आठ बॉयलर थंड पडले, आणि विषुववृत्तावरून आणलेली झाडे एकामागून एक मेली. अखेर १९२० साली ते प्रचंड काचघर सुरुंग लावून पाडण्यात आले. ते सहजासहजी पडेना. पॅक्स्टनचे बांधकाम पक्के होते. ड्यूक होता, बाग होती, काच होती. आगवाले नव्हते, इतकेच.

याच पॅक्स्टनने १८५१ च्या लंडन प्रदर्शनासाठी स्फटिकमहाल उभारला, हे शाळेच्या पुस्तकांतून आपण वाचतो. पुस्तके सांगत नाहीत ते हे, की त्याच्या छपरावर ८० कामगार एका आठवड्यात सुमारे १८ हजार काचा बसवीत होते, आणि १८५० च्या हिवाळ्यात त्यांनी मजुरी वाढवून मिळावी म्हणून काम थांबविले होते. पुढाऱ्यांना कामावरून काढले, उरलेले परतले, महाल वेळेवर पुरा झाला. आम्ही हा उल्लेख वाचला तेव्हा त्या पुढाऱ्यांची नावे शोधण्याचा मोह झाला.

काच झाली, भट्टी झाली. परंतु फुलपाखरू अजून मेलेलेच होते. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या माणसाने मोठे निळे फुलपाखरू पाहिले ते टाचणीला टोचलेले, कापराचा वास येणाऱ्या खणात. ही फुलपाखरे धरून आणणारांपैकी दोघांविषयी आम्हांला विशेष आपुलकी वाटते. हेन्री बेट्स हा लेस्टर गावात मोजे-बनियनाच्या व्यापाऱ्याकडे उमेदवार म्हणून लागलेला मुलगा. दिवसाचे तेरा तास दुकानात आणि उरलेल्या वेळात कारागिरांच्या शिक्षणसंस्थेत अभ्यास. आल्फ्रेड वॉलेस चौदाव्या वर्षाच्या सुमारास शाळेतून निघाला तो कायमचा. १८४४ साली हे दोघे लेस्टरात भेटले, आणि १८४८ साली ॲमेझॉनला निघाले. घरची इस्टेट नाही, विद्यापीठाची पदवी नाही. प्रवासाचा खर्च भागवावयाचा तो फुलपाखरे आणि भुंगे विकून. लंडनचा दलाल आपली दलाली कापून घेई आणि उरलेले पैसे यांच्या नावे जमा करी. आमच्या भाषेत सांगावयाचे तर हे नगावरचे काम. बेट्सने या कामात ११ वर्षे काढली. त्यातूनच १८६२ साली त्याने दाखवून दिले की काही निरुपद्रवी फुलपाखरे विषारी फुलपाखरांचे सोंग घेऊन पाखरांपासून जीव वाचवितात. ज्यांनी दिवसभराच्या कामानंतर रात्रशाळेच्या बाकावर बसून अक्षरओळख करून घेतली, त्यांनी बेट्सचे नाव ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

वॉलेस पुढे १८५४ ते १८६२ अशी आठ वर्षे मलाया-इंडोनेशियाच्या बेटांवर होता. त्याने परत आणलेल्या नमुन्यांची संख्या त्यानेच दिली आहे: एकूण १,२५,६६०, त्यांत फुलपाखरे आणि पतंग १३,१००. ही एकट्याची कमाई नव्हे. सारावाकचा अली नावाचा मुलगा स्वयंपाकाला म्हणून लागला आणि नेम धरण्यात, पाखरे सोलण्यात, होडी हाकण्यात तरबेज झाला. १८५८ साली बाचान बेटावर एक अद्भुत पाखरू अलीने मारून, कमरेला लटकवून आणले. त्याच्या शास्त्रीय नावात वॉलेसचे नाव आहे. वॉलेसने आपल्या पुस्तकात हे पाखरू अलीने आणले असे स्वच्छ लिहिले आहे, हा त्याचा मोठेपणा मानला पाहिजे. सर्वच साहेबांनी तेवढेही केलेले नाही. पुढे १९०६ साली न्यू गिनीत आल्बर्ट मीक या संग्राहकाने जगातील सर्वांत मोठ्या फुलपाखराची मादी बंदुकीने पाडली, कारण ते इतक्या उंचीवरून उडत होते की जाळे पोहोचेना. फुलपाखराची शिकार बंदुकीने होते, हे वाचून आम्ही पुस्तक खाली ठेवले होते.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने १८८१ साली जिवंत कीटकांसाठी स्वतंत्र घर उघडले. त्या जातीचे ते पहिलेच. तरी उष्ण कटिबंधाच्या फुलपाखरांनी भरलेले, माणसाने आत फिरावे असे घर व्हावयाला आणखी जवळजवळ शंभर वर्षे लागली. कारण साधे आहे. मोठे फुलपाखरू बहुधा दोन-तीन आठवडे जगते. कोशाची अवस्था पुष्कळ जातींत एक-दोन आठवड्यांची. आगबोटीने तो कोश आणावा तर समुद्रातच उकलावयाचा. विमान आले तेव्हा कापसात गुंडाळलेला कोश दोन-तीन दिवसांत एका खंडातून दुसऱ्या खंडात जाऊ लागला, आणि मग हे सारे शक्य झाले.

त्याला जागा मिळाली तीही एका बुडालेल्या धंद्याची. इंग्लिश खाडीतील गर्न्झी बेटावर टोमॅटोची प्रचंड काचघरे होती. १९७३ च्या तेलसंकटाने ती तापविण्याचा खर्च वाढला, त्यात हॉलंडच्या टोमॅटोची चढाओढ. धंदा खचला, काचघरे ओस पडली. त्याच दशकाच्या उत्तरार्धात डेव्हिड लोव नावाच्या गृहस्थाने अशा एका काचघरात फुलपाखरे सोडली आणि तिकीट लावले. लोक आले. १९८१ साली लंडनच्या सायन पार्कमध्ये, १९८५ साली मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयात, १९८८ साली फ्लॉरिडात अशी घरे निघाली. बंद गिरणीच्या जागेवर बाजारहाट उभे राहिलेले आम्ही मुंबईत पाहिले आहेत. टोमॅटो तोडणाऱ्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न तेथेही मनात येतोच.

आता या घरांचे गणित पाहा. फुलपाखरू दोन-तीन आठवड्यांचे. म्हणजे घर भरलेले दिसावयाचे तर दर आठवड्याला नवे कोश हवेत. अमेरिकेत तर परदेशी फुलपाखरे पळून पिकांना कीड लागू नये म्हणून सरकारचा परवाना लागतो, आणि त्यांच्या सुरवंटांना खाण्याजोगी झाडे आत ठेवू देत नाहीत. फुलपाखरू तेथे अंडी घालील, पण वंश चालवू शकणार नाही. म्हणून मागणी कधी संपत नाही. ती पुरविण्यासाठी कोस्टारिकात १९८० नंतर कोशांची शेती सुरू झाली, मग फिलिपिन्सात, मलेशियात, आफ्रिकेत.

केनियाची हकिकत आम्हांला सर्वांत बोधक वाटली. तेथे समुद्रकिनाऱ्यालगत अराबुको-सोकोके नावाचे सुमारे ४२० चौरस किलोमीटरचे जंगल आहे. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील अशा जंगलाचा हा उरलेला सर्वांत मोठा तुकडा. १९९० च्या सुमारास भोवतालच्या शेतकऱ्यांत, जंगल मोडून जमिनी वाटून द्या, अशी मागणी करणारे पुष्कळ होते. त्यांना दोष देता येत नाही. जंगलातून हत्ती येऊन मका खाऊन जात, आणि जंगलातून त्यांना मिळत काहीच नव्हते. १९९३ साली तेथे 'किपेपेओ' नावाची योजना निघाली. स्वाहिलीत किपेपेओ म्हणजे फुलपाखरू. शेतकऱ्याने जंगलातून नर-मादी धरून आणावयाचे, घराशेजारी जाळीच्या पिंजऱ्यात अंडी घेऊ द्यावयाची, सुरवंटांना त्यांच्या झाडाचा पाला घालावयाचा, आणि कोश झाला की केंद्रावर नेऊन द्यावयाचा. केंद्र ते विमानाने परदेशच्या काचघरांना पाठविते. या कामात स्त्रियाही मोठ्या संख्येने आल्या. मूळ जोडी जंगलातूनच आणावी लागते. तेव्हा जंगल गेले तर धंदा गेला, हे कोणी व्याख्यान न देता कळले, आणि जंगल राखण्याच्या बाजूने बोलणारे शेतकरी तयार झाले. अनेक वर्षे उपदेश करून जे साधले नसते ते कोशाच्या पैशाने साधू लागले.

परंतु या कामाचे स्वरूप आमच्यासारख्यांनी नीट पाहावयास हवे. आपल्याकडे भंडारा-गडचिरोलीकडे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचे किडे वाढवितात. तो कोसा उष्णता देऊन मारला की टिकतो. भाव पडला तर थोडे थांबता येते. फुलपाखराच्या कोशाची सारी किंमत तो जिवंत आहे यात. तो थांबत नाही. मागणीहून जास्त कोश झाले, एखादा डागाळला, विमान चुकले, तर तो माल उद्याला उरत नाही. लंडनचे किंवा न्यूयॉर्कचे काचघर या आठवड्याला किती मागवील यावर, जंगलाकाठच्या बाईची या आठवड्याची कमाई. आमच्या गिरणगावात अशा माणसाला बदली म्हणत. सकाळी फाटकाशी उभे राहावयाचे. कोणी गैरहजर असेल तर काम, नाही तर घर.

टांझानियात हे फार लख्ख दिसले. तेथील पूर्व उसांबारा डोंगरांत अमानी येथे अशीच योजना चालली होती. २०१६ साली त्या सरकारने जिवंत वन्य प्राण्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. हेतू चांगला होता. माकडांची आणि इतर प्राण्यांची चोरटी पाठवणी बंद व्हावी. पण हुकुमाच्या एका ओळीत कोशही आले, आणि डोंगरातल्या शेतकऱ्यांचे उत्पन्न थांबले. हुकूम काढताना त्यांना कोणी विचारले असेल असे दिसत नाही. संघटना असती तर निदान दार ठोठावता आले असते.

आपल्या देशात बंगळूरजवळ बन्नेरघट्ट येथील प्राणिउद्यानात २००६ साली पारदर्शक छपराचे फुलपाखरू-घर झाले. तेथे देशीच फुलपाखरे असतात, म्हणून विमानाचा आणि दूरच्या शेतकऱ्याचा प्रश्न येत नाही. बाकी तेथेही पाला तोडणारा, पिंजरे धुणारा, मुंग्या राखणारा माणूस लागतोच. त्याची नोकरी कायम की कंत्राटी, हे तिकीट काढणाराने एकदा विचारून पाहावे.

२०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे युरोपातील प्राणिसंग्रहालयांची दारे बंद झाली आणि विमाने जमिनीवर बसली. ब्रिटनच्या सरकारने कामावरून बसविलेल्या नोकरांच्या पगाराचे ८० टक्के, महिना २,५०० पौंडांच्या मर्यादेपर्यंत, आपल्या तिजोरीतून दिले. ही योजना २०२१ च्या सप्टेंबरपर्यंत चालली. तेथील कामगारांना तो आधार मिळाला हे योग्यच झाले. त्या मार्चमध्ये अराबुको-सोकोकेच्या काठाला जे कोश तयार होते ते ठरल्या दिवशी उकलले. ते विकत घ्यावयाला कोणी नव्हते, आणि ज्यांनी ते वाढविले होते त्यांची नावे कोणत्याच हजेरीपटावर नव्हती.